एका खोलीत तिघे

तीन प्रौढ माणसांनी एका लहानशा खोलीत दोन रात्री काढाव्यात किंवा नाही, हा विषय मंडळीच्या मासिकात घेण्याजोगा आहे काय, असे वाचकांपैकी कोणी विचारील. काही महिन्यांपूर्वी आम्हीही असेच विचारले असते. ज्या देशात एका खोलीत सात-आठ माणसे जन्म काढतात तेथे तिघांची अडचण ती काय, असे म्हणून आम्ही पान उलटले असते. परंतु मागच्या हिवाळ्यात एका प्रवासात आमच्या हातून जे घडले, आणि त्याहूनही अधिक म्हणजे जे घडत असताना आम्हांस दिसले नाही, त्यामुळे हा प्रश्न मनातून जाईना. शब्बाथशाळेत प्रीतीवरचा पाठ आम्ही अनेक वर्षे शिकवत आलो आहोत. त्या पाठाला उदाहरण म्हणून स्वतःच्या घरातली गोष्ट सांगण्याची पाळी आजवर आली नव्हती.

आम्ही सिल्वासा येथे राहतो. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली म्हणून मुलांनी आपसांत पैसे जमवून आम्हां उभयतांना मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या प्रवासी जहाजाची दोन रात्रींची सफर द्यायचे ठरवले. घरात आमच्याबरोबर आमची थोरली बहीण असते. तिला सगळे अक्का म्हणतात. आई लवकर गेल्यामुळे आम्हांला अक्कानेच वाढवले. मिशनच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून तिने उभे आयुष्य घालवले, लग्न केले नाही, आणि निवृत्त झाल्यावर अकरा वर्षांपूर्वी ती आमच्याकडे राहावयास आली. मुलांचा आत्यावर जीव. आत्यालाही घेऊन जा, असा त्यांचा आग्रह पडला आणि आम्हांलाही तो योग्यच वाटला.

आता जहाजाच्या तिकिटाचा हिशोब लॉजच्या हिशोबासारखा नसतो. भाडे माणशी असते, आणि ते एका खोलीत दोघे राहणार असे धरून ठरवलेले असते. तिसरा माणूस त्याच खोलीत आला तर त्याला सवलत मिळते. उलट एकट्याने खोली घेतली तर रिकाम्या पलंगाचेही भाडे बहुधा त्यालाच भरावे लागते. म्हणजे अक्का आमच्याच खोलीत आली तर स्वस्तात येणार, आणि तिला वेगळी खोली घेतली तर तिच्या एकटीचा खर्च जवळजवळ आम्हां दोघांइतका होणार.

एका रात्री पत्नीने हळूच विचारले, "अहो, अक्कांना वेगळी खोली घेता येणार नाही का? वरची भर आपण घालू." आम्ही लगेच फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा आधार घेतला. माणसाने आपलेच न पाहता दुसऱ्याचे पाहावे या अर्थाची तेथली वचने तिला ऐकवली, आणि जिने आम्हांला अंगाखांद्यावर वाढवले तिच्याबरोबर दोन रात्री काढणे जड वाटावे याचे आश्चर्य वाटते, असेही बोललो. ती गप्प झाली. त्या रात्री आम्ही वचन सांगत होतो की पैसे वाचवत होतो, हे आज आम्हांस नीट ठाऊक आहे. त्या वेळी ठाऊक नव्हते असेही म्हणवत नाही.

आणि अक्काला काय विचारले? "अक्का, तिघे एकाच खोलीत आहोत, चालेल ना?" 'चालेल ना' असा शेवट असलेल्या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असते. "मला काय, मी कुठेही झोपेन," ती म्हणाली, आणि आम्ही तिकिटे काढली.

मुंबईहून गोव्याला समुद्रातून जाणे आपल्या लोकांना नवे नाही. १९७० ते १९८० च्या दशकांत 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या बोटी चालत असत. ज्यांनी त्यांतून प्रवास केला ते अजून सांगतात की, डेकवर वळकट्या पसरून लोक ओळीने झोपत. कोणाचे पाय कोणाच्या उशाशी, मध्ये आंब्याची करंडी, पलीकडे रडणारे मूल. त्या डेकवर कोणाचीच खोली नव्हती, म्हणून तेथे कोणी 'तिसरा'ही नव्हता. पुढे तो मार्ग बंद पडला. २०१८ साली 'आंग्रिया' नावाचे जहाज सुरू झाले, आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून १९९० सालचे 'एम्प्रेस' हे सुमारे ४८ हजार टनांचे परदेशी बांधणीचे जहाज मुंबईहून प्रवासी नेऊ लागले. आता वळकटी गेली आणि खोली आली. खोलीबरोबर ती कोणाची आणि तीत पाहुणा कोण, हा प्रश्नही आला.

आमची खोली आम्ही पावलांनी मोजली. १२० चौरस फुटांच्या आसपास भरली. मुंबईच्या बी. डी. डी. चाळीतील खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे ही तिच्याहून लहान. दोन पलंग खाली, हवे तर जोडता येतील असे. तिसरा भिंतीतून खाली ओढायचा, त्याला चढायला लहानशी शिडी. खिडकी नव्हती. न्हाणीघर इतके बेताचे की आत वळताना कोपर दाराला लागे.

येथे एक माहिती सांगण्याजोगी आहे. जहाजावर काम करणाऱ्यांसाठी २००६ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारताने तो २०१५ साली मान्य केला. त्यात खलाशाला झोपायला किती जागा द्यावी याचे नियम आहेत. मालवाहू जहाजावर प्रत्येकाला स्वतंत्र खोली द्यावी असे तो सांगतो. प्रवासी जहाजांना त्यातून सूट आहे. तेथे अधिकारी नसलेले तिघे कर्मचारी एका खोलीत राहणार असतील तर त्या खोलीचे क्षेत्रफळ निदान ११.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १२४ चौरस फूट असावे. तिघा प्रौढांना लागणारी जमीन इतकी काटेकोरपणे मोजून ठेवलेली आहे हे वाचून आम्हांस कौतुक वाटले. आमची खोली त्या मापाच्या जवळपासच होती. पण शिडीवर कोणी चढावे, दिवा कोणी कधी मालवावा, आणि पहाटे प्रार्थनेला उठणाऱ्याने काय करावे, हे कोणत्याही करारात नसते.

शिडीचा प्रश्न आम्ही सोडवला. अक्काचे गुडघे दुखतात, म्हणून वरच्या पलंगावर आम्ही चढलो. खालचे दोन पलंग वेगळे करून घेतले आणि एकेक दोघींना दिला. वर पडल्यापडल्या छताला हात लागत होता. आपण मोठाच त्याग केला असे आम्हांस वाटले. ते समाधान पुढे फार दिवस टिकले नाही.

पहिल्या रात्री जेवण झाल्यावर अक्का म्हणाली, "तुम्ही दोघे झोपा. मला वारा बरा वाटतो, मी जरा वर बसते." शाल घेऊन ती डेकवर गेली. आम्ही दिवसभर दमलो होतो. वापीची गाडी पहाटे पकडायची म्हणून घरातून अंधारातच निघालो होतो. लगेच झोप लागली. पहाटे जाग आली तेव्हा अक्का अंथरुणात नव्हती, आंघोळ करून वर गेली असेल असे वाटले. दुसऱ्या रात्रीही तसेच झाले. परतल्यावर तिला चार दिवस खोकला आणि कणकण होती. समुद्राचे वारे बाधले, असे घरात ठरले. अक्काला समुद्राचे वेडच लागले होते, अशी थट्टाही आम्ही मुलांपाशी फोनवर केली.

खरी गोष्ट कळली ती पाच-सहा आठवड्यांनी, शब्बाथशाळेत. आमच्या छोट्या मराठी मंडळीत दोन वर्ग एकाच दालनात भरतात, मध्ये पडदा असतो. लहानांचा वर्ग अक्का घेते, मोठ्यांचा आमची पत्नी. त्या दिवशी लहानांना योनाची गोष्ट होती. योना जहाजाच्या तळाशी झोपला होता येथवर गोष्ट आली, तेव्हा एका मुलीने विचारले, "रात्री जहाजावर सगळेच झोपतात का?" अक्काला प्रश्न आवडला असावा. ती सांगू लागली, सगळे झोपत नाहीत. बारा वाजता गाणे-बजावणे थांबते. मग मुलगे येऊन खुर्च्या घडी करून रचतात. एक वाजता नळी घेऊन डेक धुतात, तेव्हा आपण पाय वर घ्यायचे. दोन वाजता थंडी वाढते. चार वाजता खालून पाव भाजल्याचा वास येतो, आणि तेव्हा आकाशात अजून सगळे तारे असतात.

पडद्याच्या अलीकडे पत्नीने हे ऐकले आणि तिला पुढचा पाठ शिकवता येईना.

घरी आल्यावर तिने अक्काला विचारले. पुष्कळ वेळ टाळाटाळ झाली. मग हळूहळू बाहेर आले. अक्का रोज दोनच्या सुमारास खोलीत येई आणि चारला पुन्हा निघून जाई. कारणे तिची तीन होती. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, आपण मध्ये कशाला, हे एक. पहाटे ती ओठांतल्या ओठांत पुटपुटत प्रार्थना करते, चाळीस वर्षांची सवय आहे, त्याने आमची झोप मोडेल, हे दुसरे. तिसरे तिने पत्नीलाच सांगितले, आणि तिच्या परवानगीने आम्ही येथे लिहितो. रात्री ती दात काढून ठेवते. बिनदातांचा आपला चेहरा भावजयीने पाहू नये असे तिला वाटत होते.

"रात्रपाळीची सवय आहे मला," ती म्हणाली. "त्यात काय एवढे?"

पत्नी त्या दोन्ही रात्री नीट झोपली नव्हती. आपण घोरतो या भीतीने ती कुशीवर पडून राहिली होती. अक्का बाहेर आहे हे तिला पहिल्या रात्रीच कळले होते, पण आम्ही फिलिप्पैकरांस पत्र ऐकवल्यापासून त्या विषयावर तोंड उघडायचे नाही असे तिने ठरवले होते. म्हणजे एका खोलीतल्या तिघांपैकी दोघी जाग्या होत्या, आणि झोपला होता तो वरच्या पलंगावरचा त्यागी पुरुष.

असो. स्वतःवर आसूड ओढण्यासाठी ही हकिकत लिहिलेली नाही. मनाला लागलेला प्रश्न निराळा आहे. एका खोलीत राहणे ही प्रीतीची कसोटी आहे असे आपण समजतो. मनात जागा असली की घरात जागा होते, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. म्हणणे खोटे नाही. फक्त ते कोण म्हणतो याकडे लक्ष द्यावे. बहुतेक वेळा ज्याला पलंग मिळालेला असतो तोच म्हणतो. आणि आपली जागा, आपले दार, आपला एकांत मागणारा माणूस कोत्या मनाचा ठरतो. तसा तो खरोखर असतो काय?

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने प्रार्थनेविषयी शिकवताना खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितले आहे (मत्तय ६:६). या वचनावर आम्ही अनेकदा बोललो आहोत, पण त्यातली खोली कोणती याचा विचार केला नव्हता. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कोठीची खोली असा होतो, धान्य-सामान ठेवण्याची, घराच्या आतल्या बाजूची. प्रभूचे पुष्कळसे ऐकणारे गरीब होते, आणि गरिबाचे घर म्हणजे बहुधा एकच खोली. लूकच्या अकराव्या अध्यायात मध्यरात्री भाकरी मागायला आलेल्या मित्राची गोष्ट आहे. आतला माणूस म्हणतो की मुले माझ्यापाशी निजली आहेत, मला उठता येत नाही. एक उठला की सगळे उठणार, अशी ती निजण्याची जागा. अशा घरांत राहणाऱ्यांना प्रभू दार लावून घ्यायला सांगतो, ते दार त्यांनी आणावे कोठून?

शूनेम गावच्या स्त्रीने याचे उत्तर विटांनी दिले. अलीशा संदेष्टा येता-जाता तिच्या घरी जेवत असे. तिला जागेची वाण नव्हती, ती संपन्न होती. तरीही घरातल्याच एखाद्या कोपऱ्यात त्याचे अंथरूण टाकावे असे तिला वाटले नाही. तिने नवऱ्याला सांगून माडीवर वेगळी लहान खोली बांधवली, आणि तीत पलंग, मेज, आसन व समई ठेवली (२ राजे ४:१०). पुढे तिचा मुलगा वारला तेव्हा अलीशा त्याच खोलीत गेला, दार लावून घेतले आणि प्रार्थना केली. तिने पाहुण्याला भाकर दिली होतीच. त्याला दार द्यावे हेही तिला सुचले, याचे आम्हांस आता अधिक मोल वाटते.

पण सगळ्यांनाच माडी बांधता येत नाही. जॉन वेस्लीची आई सुझाना वेस्ली हिच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. तिला एकोणीस मुले झाली, त्यांतली बरीच लहानपणीच गेली. उरलेल्यांनी भरलेल्या घरात प्रार्थनेला जागा मिळेना, तेव्हा ती पदर घ्यावा तसा आपला एप्रन डोक्यावरून ओढून बसे, आणि आई आता देवाशी बोलते आहे हे मुलांना कळे. शब्बाथशाळेत ही गोष्ट आपण आईची भक्ती दाखवण्यासाठी सांगतो. आम्हांस अलीकडे तीतली मुले दिसू लागली आहेत. त्या फडक्याने काहीच अडत नव्हते, कोणीही ते ओढू शकले असते. मुले हाक मारीत नसत, म्हणून त्या फडक्याची भिंत झाली. एका खोलीत जेव्हा अनेक माणसे राहतात तेव्हा प्रत्येकाची भिंत बाकीच्यांनी उभारायची असते. त्याची त्याला ती उभारता येत नाही. उभारायला गेला तर त्याला खोलीबाहेरच जावे लागते, शाल घेऊन.

मार्कच्या पहिल्या अध्यायात प्रभू शिमोन आणि आंद्रिया यांच्या घरी उतरला आहे. घरात शिमोनाची सासू नुकतीच तापातून उठलेली, बरोबरचे शिष्य, आणि संध्याकाळी सारे गाव दाराशी. पहाटे अंधारातच उठून तो रानात जाऊन प्रार्थना करू लागला (मार्क १:३५). तो का गेला हे शास्त्र सांगत नाही, आणि आपण आपल्या पदरचे कारण जोडू नये. पण पुढच्या वचनाकडे पाहावे. शिमोन व सोबती त्याच्या पाठोपाठ शोधत गेले. तो घरात नाही हे त्यांच्या ध्यानात आले होते. आमच्या ते आले नाही.

आता आमच्या सिल्वाशाविषयी थोडे. दादरा-नगर हवेली १९५४ साली पोर्तुगीज अंमलातून सुटली तेव्हा हा वारली, कोकणा, धोडिया लोकांचा शेतीचा आणि जंगलाचा मुलूख होता. १९६१ साली साऱ्या हवेलीची वस्ती ५८ हजारांच्या आत होती. पुढे करसवलतींमुळे कारखाने आले, त्यांत सुताचे आणि प्लास्टिकचे पुष्कळ. २०११ च्या जनगणनेत वस्ती ३,४३,७०९ भरली, आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ७७४. या शेवटच्या आकड्यात आमली, मसाट, राखोली, समरवरणी येथल्या चाळी दिसतात. बायकामुले गावी ठेवून आलेले पुरुष एकेका खोलीत तिघे-चौघे राहतात. एका खोलीत तिघांहून अधिक माणसे झाली की ती दाटी समजावी, असे संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतीविषयक संस्थेचे माप आहे. त्या मापाने आमचे जहाज अगदी काठावर होते. या चाळी कोठे आहेत ते आम्ही सांगायला नको.

अशा एका खोलीत आम्ही प्रार्थनेला जातो. तिघे तरुण आहेत, सूत कारखान्यात काम करतात, त्यांतला एक सदैव रात्रपाळीला. जहाजावरून आल्यानंतर एकदा दुपारी गेलो तेव्हा तो झोपला होता. खोलीला एकच पंखा. त्याच्या बरोबर खालची जागा त्याची. बाकीच्या दोघांनी आम्हांला खुणेने बाहेर ओट्यावर बसवले. त्यांनी कांदा बाहेर बसून चिरला. एकाचा फोन वाजला तसा तो उठून गल्लीच्या टोकाला गेला. भांडे ठेवताना खाली फडके होते. पंख्याखालची जागा रात्रपाळीवाल्याची हे कोणी ठरवले, असे आम्ही विचारले. "जो ज्यादा थका है, वो पहले जगह चुनेगा," एक जण म्हणाला, आणि यात विचारण्यासारखे काय आहे अशा नजरेने त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही ओट्यावरच हळू आवाजात प्रार्थना केली.

दारिद्र्याचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. त्या मुलांना निवड करता आली तर ते उद्या वेगळ्या खोल्या घेतील आणि घ्याव्यातही. दाटीवाटीतून माणसे चांगलीच होतात असेही नाही. याच चाळींत पाण्यावरून, चुलीवरून डोकी फुटलेली आम्ही पाहिली आहेत. मुंबईत गोवेकर खलाशांचे कूड होते, काही आजही आहेत. एकेका गावाच्या नावाने घेतलेली जागा, प्रत्येकाची भिंतीशी एक पेटी, झोपायला चटई. तेथेही सगळे नियमांवर चालत असे, आणि संध्याकाळच्या रोझरीला हजर राहणे हा त्यांतला एक. आपली उपासनेची रीत त्यांच्याहून वेगळी. तरी जहाजावरून उतरलेली आणि जहाजाची वाट पाहणारी इतकी माणसे एका छपराखाली नांदवायची तर रोज एकदा सगळ्यांनी मिळून गप्प बसायला हवे, ही त्यांची समज आम्हांला खरी वाटते.

त्या मुलाचे वाक्य ऐकल्यावर अब्राम आणि लोट यांची गोष्ट नव्याने आठवली. दोघांची गुरेढोरे इतकी वाढली की त्या देशात एकत्र राहणे जमेना. अब्राम वडील, चुलता. बोलावणे झाले होते ते त्याला, वचन मिळाले होते ते त्याला. त्याने लोटाला सांगितले की आधी तू बाजू निवड, उरेल ती मी घेईन (उत्पत्ति १३). आम्ही या गोष्टीवरून नेहमी त्याग शिकवतो. पण त्याग तर अक्कानेही केला, रात्रभर केला. अब्रामाच्या आणि तिच्या त्यागात फरक आहे. अब्रामाच्या हातात निवड होती आणि ती त्याने सोडली. अक्काच्या हातात आम्ही निवड दिलीच नव्हती. ज्याच्यापाशी सोडायला काही ठेवलेले नाही त्याच्या नमतेपणाला आपण गोड नावे देतो, आणि त्यावर आपली घरे चालवतो. शेवटचा जेवणारा, बाहेरच्या खोलीत झोपणारा, गाडीत मधल्या जागी बसणारा, फोटो काढणारा, असा एक माणूस बहुतेक घरांत असतो. त्याला विचारले तर तो म्हणतो, मला काय, चालेल.

येथे अक्काची बाजूही सांगितली पाहिजे, कारण हे सगळे तिला वाचून दाखवल्यावर तिने आम्हांला दोन शब्द सुनावले. "तू मला बिचारी केलीस," ती म्हणाली. "मी काही रडत नव्हते तिथे. इतके तारे मी डहाणूला लहान होते तेव्हा पाहिले होते, त्यानंतर आत्ताच. आणि चूक माझीही आहे. मला दाताची लाज वाटते हे सांगायला हवे होते. सांगितले असते तर तुझी बायको हसली असती आणि मीही हसले असते." नंतर ती म्हणाली, "पण तूही विचारताना चालेल ना म्हणून विचारू नकोस. काय हवे म्हणून विचार."

तेव्हा आम्ही विचारले. आणि विचारताना जे लक्षात आले त्याने जहाजावरच्या दोन रात्रीही लहान वाटू लागल्या. आमच्या घरात बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर आणि एक कोठी आहे. अकरा वर्षे अक्का बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपते. त्या खोलीतून सगळ्यांना जावे-यावे लागते. दूधवाला पहाटे दार वाजवतो ते तिच्या उशाशी. रात्री आम्ही बातम्या पाहतो त्या तिच्या पायाशी बसून. ती पुटपुटत प्रार्थना करते हे आम्हांला ठाऊक होते, पण कोठे करते हे कधी मनात आले नव्हते. पत्नीने तपास केला. मागच्या दारी, कपडे धुण्याच्या दगडावर बसून. पावसाळ्यात न्हाणीघरात.

"अक्का, घरातली कोणती खोली तुला हवी?" आम्ही म्हटले. "आतली हवी असेल तर आम्ही बाहेर येतो."

"मला काय," तिने सुरुवात केली. पत्नीने तिला पुढे बोलू दिले नाही. हे उत्तर धरणार नाही, रविवारपर्यंत विचार करा, असे सांगितले.

रविवारी उपासनेहून आल्यावर अक्काने चपला काढल्या आणि सरळ कोठीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तांदळाचे डबे, गोधड्या, जुने शिलाई यंत्र आणि मुलांची दप्तरे अशी ती खोली, आठ फूट बाय सात. "ही," ती म्हणाली. "हिला दार आहे."

कोठीला खिडकी नाही, आत हवा नाही, असे आम्ही म्हणालो.

"खिडकी तुम्ही पाडून द्या," ती म्हणाली. "पूर्वेला."

डबे आता बाहेरच्या खोलीत दिवाणाखाली आहेत. गवंडी सोमवारी येऊन माप घेऊन गेला.